आवाज बारीक करून वाजणारं गाणं

ताई, नमस्कार.

मी सतरा वर्षांची आहे. गेली चार वर्षं मी एका पॉप ग्रुपची फॅन आहे. त्यांची भाषा मला येत नाही, तरी सगळी गाणी पाठ आहेत. मी एक वही केली आहे. प्रत्येक गाणं ऐकून काय वाटलं ते तिच्यात लिहिते. ही वही आजवर कुणालाच दाखवलेली नाही.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा नवा अल्बम आला. आम्हा फॅन्सचा एक गट आहे. गाणं चार्टवर वर जावं म्हणून गटाने पाळ्या लावल्यात. माझी पाळी रात्रीची. फोन उशीखाली, गाणं लूपवर, आवाज अगदी बारीक. सकाळी उठलं की आकडा गटात टाकायचा. परवा हिशेब केला तर ते गाणं माझ्या फोनवर तीन हजारांवर वेळा वाजलं होतं. मी जागेपणी, पूर्ण, नीट ऐकलं होतं चारदा. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलेलं नाही. वहीत त्यावर अकरा पानं लिहिली आणि वाचताना रडू आलं.

त्याच आठवड्यात गटातल्या एका मुलीने लिहिलं की हा अल्बम मागच्याइतका जमलेला नाही. सगळे तिच्यावर तुटून पडले. मीसुद्धा. मी तिला फार वाईट बोलले. माझ्या वहीत होतं तेच ती उघड बोलली होती. ती गट सोडून गेली.

दादा म्हणतो, ही कारखान्यात बनवलेली गाणी आहेत, दहा वर्षांनी तुझं तुलाच हसू येईल. मला विचारायचंय, मी गद्दार आहे का? आणि पॉप गाण्यांवर वही भरणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे का? वहीच्या दोन पानांचे फोटो सोबत पाठवते आहे.

— वहीवाली

प्रिय वहीवाली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि वहीची पानं चारदा. ग्रुपचं नाव तू कळवलं आहेस, पण ते इथे छापत नाही. छापलं की वाचणारे त्या नावाच्या बाजूने नाहीतर विरुद्ध उभे राहतील आणि तू बाजूला पडशील.

आधी पानांबद्दल बोलते, कारण तुझ्या प्रश्नांपेक्षा तुझी पानं जास्त बोलतात. पहिल्या पानावर तू लिहिलं आहेस: ‘जुन्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी ती श्वास घेते. तो ऐकू येतो. कुणीतरी दारात उभं राहून आत यावं की नको ते ठरवतंय, तसा. नव्या गाण्यात श्वास कुठेच नाही. तीनदा शोधला.’

ही ओळ वाचल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवून ती दोन्ही गाणी ऐकली. तुझं खरं आहे. जुन्या गाण्यात तो श्वास आहे, ठेक्याच्या किंचित आधी, अगदी जवळून घेतलेला. नव्यात ओळ संपते आणि दुसरी ओळ अशी सुरू होते, जणू गाणारीला हवा लागतच नाही. संगीतावर लिहून पोट भरणाऱ्यांनाही इतकं नेमकं ऐकू येतंच असं नाही. तुला ते ऐकू आलं, आणि ऐकू आलेलं शब्दांत धरता आलं.

आता हा श्वास गेला कुठे ते सांगते, कारण तुला ते कळलं तर पुढची पानं वेगळी होतील.

आजची बहुतेक पॉप गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग गाऊन ध्वनिमुद्रित होत नाहीत. एकच ओळ दहा-वीस वेळा गाऊन घेतात. मग त्यातले उत्तम तुकडे निवडतात, कधी एखादा शब्द एका खेपेचा आणि पुढचा शब्द दुसऱ्या खेपेचा, आणि त्यांची सलग ओळ बांधतात. अशा जोडकामात मधले श्वास अडचणीचे होतात. काही ठेवतात, काहींचा आवाज कमी करतात, काही सरळ कापून टाकतात. गाणं गुळगुळीत आणि भरगच्च वाटायला हवं असेल तर श्वास जातो. गाणारी कानाशी येऊन बोलते आहे असं वाटायला हवं असेल तर तोच श्वास मुद्दाम मोठा करतात. म्हणजे जुन्या गाण्यातला तुझा लाडका श्वाससुद्धा कदाचित कुणीतरी विचार करून तिथे राहू दिलेला असेल. हे कळलं म्हणून तो खोटा ठरत नाही. उलट, त्या खोलीत बसून ‘हा राहू दे’ म्हणणारं कुणीतरी होतं, हे मला फार सुंदर वाटतं.

सुरांचंही तसंच. ऑटो-ट्यून हे नाव तू ऐकलं असशील, गटातल्या भांडणांत तर नक्कीच. ते तयार करणारे अँडी हिल्डेब्रँड मुळात तेलाच्या शोधात काम करणारे. जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरींवरून खालच्या थरांचा अंदाज घ्यायचा, हा त्यांचा विषय. ते लहरींचं ज्ञान त्यांनी माणसाच्या गळ्याकडे वळवलं आणि १९९७ साली हे साधन बाजारात आलं. सरकलेला सूर हळूच जागेवर आणायचा, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, अशी मूळ कल्पना. पण पुढच्याच वर्षी बावन्न वर्षांच्या शेर या गायिकेच्या एका गाण्यात ते टोकाला नेऊन वापरलं. आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर पायरी चढल्यासारखा उड्या मारू लागला, आणि जगभर लोकांनी ते गाणं डोक्यावर घेतलं. लपवायचं साधन उघडपणे वाद्यासारखं वाजवलं गेलं.

हे सांगते अशासाठी, की ‘श्वास नाही’ हे तुझं निरीक्षण पक्कं आहे, पण त्याच्या खाली तू लगेच ‘म्हणजे त्यांना आता आमची पर्वा नाही’ असं लिहिलं आहेस. या दोन वाक्यांच्या मध्ये एक मोठी जागा रिकामी आहे. तिथे आधी दुसरा प्रश्न यायला हवा: श्वास काढून त्यांना काय मिळालं? गाणं यंत्रासारखं थंड करायचं होतं का? नाचासाठी ठेका एका क्षणालाही सुटू नये असं होतं का? की नुसतीच घाई होती? या प्रश्नाचं उत्तर शोधताना कदाचित तुला गाणं आवडायला लागेल, कदाचित आणखी नावडेल. दोन्ही चालेल. पण मग ते मत तुझ्या कानाचं असेल. आत्ता त्यात दुखावल्याचा भागही आहे, आणि रडू आलं ते बहुधा त्याचंच.

आता त्या उशीखालच्या फोनाबद्दल.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही आहे. गद्दारीचा प्रश्न नंतर घेऊ. एक मुलगी आपल्या आवडत्या ग्रुपचं गाणं तीन हजार वेळा लावते आणि ते ऐकू येऊ नये म्हणून त्याचा आवाज बारीक करते. तू हे लिहिताना कदाचित तुला त्यात विशेष वाटलं नसेल, गटात सगळेच करतात म्हणून. पण जरा थांब आणि बघ. गाणं वाजत होतं ते कुणासाठी?

आकड्यासाठी. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. ऐकणारी जागी आहे की झोपलेली, हसते आहे की रडते आहे, हे त्या तीस सेकंदांना कळत नाही. गाण्याला बाहेरच्या मोजमापाने वळण लावणं तसं नवीन नाही. पूर्वीच्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटंच मावायची, म्हणून गाणी तीन मिनिटांची झाली. ती सवय तबकड्या गेल्यावरही राहिली. पण तबकडीची मर्यादा गाणाऱ्यावर होती. ही नवी मोजणी ऐकणाऱ्याच्या उशीखाली येऊन पोचली आहे, आणि तिने तुझी झोप आणि तुझं गाणं दोन्ही घेतलं. हे मला मान्य नाही. मोठी म्हणून नाही, गाणी ऐकणारी म्हणून मान्य नाही.

तुला एक प्रसंग सांगते. १५ ऑगस्ट १९६५ या दिवशी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स या चौघांच्या इंग्लिश बँडचा कार्यक्रम झाला. पंचावन्न हजारांवर लोक. त्यांत बहुतेक तुझ्या वयाच्या मुली. त्या काळी रंगमंचावर गाणाऱ्यांना आपलाच आवाज परत ऐकवणारे स्पीकर नसत. मुलींच्या किंचाळण्यात वाद्यं बुडाली, गळे बुडाले. ड्रम वाजवणाऱ्या रिंगो स्टारला पुढच्या तिघांच्या पाठमोऱ्या हालचालींवरून गाणं कुठवर आलं ते ओळखावं लागायचं. वर्षभराने, २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम केला आणि दौरे कायमचे थांबवले. दमले होते, वैतागले होते, इतरही कारणं होती. पण आपण काय वाजवतो ते आपल्यालाही ऐकू येत नाही आणि समोरच्यालाही, हे त्यातलं मोठं कारण होतं. मग ते स्टुडिओत गेले, जिथे एकेक आवाज ऐकू येत होता.

त्या मुलींना मी नावं ठेवत नाही. अजिबात नाही. मोठमोठे टीकाकार या चौघांना चार दिवसांचं वेड म्हणत होते, तेव्हा या मुलींनी ओळखलं होतं की हे काहीतरी निराळं आहे. १८४४ साली पॅरिसमध्ये फ्रान्झ लिस्टच्या पियानोवादनाने लोक वेडे झाले, तेव्हा हाइनरिश हाइने या कवीने त्या वेडाला लिस्टोमेनिया असं नाव दिलं होतं. आज त्याच लिस्टचं संगीत लोक अदबीने, टाचणी पडली तर ऐकू येईल अशा शांततेत ऐकतात. तेव्हा तुझ्या वेडाला मी हसणार नाही. मला एवढंच दिसतं, की पंचावन्न हजारांच्या प्रेमात जसं गाणं बुडालं, तसं ते तुझ्या उशीखाली बुडलं आहे.

म्हणून आजच्या रात्रीसाठी माझं सांगणं साधं आहे. पाळी सोड. गटात लांबलचक खुलासा लिहायची गरज नाही, ‘रात्रीची पाळी यापुढे मला जमणार नाही’ एवढं पुरे. कुणी कारण विचारलं तर झोप होत नाही म्हणून सांग, आणि ते खरंही आहे. मग ते गाणं एकदा लाव. हेडफोन घाल, दिवा मालव, आणि आवाज नेहमीसारखा ठेव. पूर्ण ऐक. दुसऱ्यांदा ऐकताना गाणारीकडे लक्षच देऊ नकोस, फक्त तळाशी वाजणाऱ्या बासच्या, म्हणजे जाड खालच्या सुरांच्या, मागे जा. तिसऱ्यांदा मागच्या कोरसमधला एकच आवाज पकड आणि तो कुठे येतो, कुठे जातो ते बघ. तीनदा ऐकलं की झालं. हजारांचा पाढा आता पुरे.

आता गद्दारी.

हा शब्द तुझ्या मनात आपोआप उगवलेला नाही, तो गटातून आला आहे. पॉप संगीतात तो पूर्वीही आला होता, फक्त उलट्या बाजूने. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरमध्ये बॉब डिलन गात होते. साध्या गिटारवर लोकगीतं गाणारा हा माणूस इलेक्ट्रिक गिटार आणि बँड घेऊन उभा राहिला, म्हणून काही चाहते चिडले होते. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत प्रेक्षकांतून एक जण ओरडला, ‘जूडस!’ म्हणजे विश्वासघातकी. तो ओरडणारा चुकला असं मला वाटतं, कारण कलाकार आपल्या जुन्या रूपाला बांधलेला नसतो. पण एक गोष्ट त्याच्या बाजूची आहे: तो ऐकत होता. त्याला बदल ऐकू आला होता आणि तो बदल त्याच्यापर्यंत पोचला होता. ज्याला काहीच ऐकू येत नाही त्याला राग येत नाही, आणि आनंदही होत नाही.

मग गाणारा जसा जुन्या रूपाला बांधलेला नाही, तशी ऐकणारी तरी का असावी? चार वर्षांपूर्वी तू तेरा वर्षांची होतीस. तेव्हाच्या कानांनी सतराव्या वर्षीही ऐकायचं, असा करार तू कुणाशी केलेला नाहीस. आणि ग्रुपातल्या त्या मुलींना तुझी अकरा पानं कधीच दिसणार नाहीत. मग विश्वासघात झाला कुणाचा?

तू म्हणशील, पण त्या मला माझ्या वाटतात. वाटणारच. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी या नात्याबद्दल लिहिलं होतं. तेव्हा दूरचित्रवाणी नवी होती. पडद्यावरचा माणूस थेट आपल्या डोळ्यांत बघून बोलतो, रोज येतो, आपण त्याला ओळखू लागतो, तो मात्र आपल्याला ओळखत नाही. या एकतर्फी ओळखीला त्यांनी नाव दिलं आणि तिची यंत्रणा उलगडून दाखवली. आता तर पडदा हातात आला आहे. गाणारी झोपायच्या आधी केस विंचरताना तुझ्याशी बोलते, ‘जेवलात का?’ म्हणून विचारते. तुला जे वाटतं त्यात मला काही आजार दिसत नाही. ज्या दिवशी घरात कुणाला तुझं कळत नव्हतं त्या दिवशी त्यांच्या गाण्याने तुला धरून ठेवलं, असं तू दुसऱ्या पानावर लिहिलं आहेस. ते खरं आहे आणि ते कुणी तुझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. एक अल्बम नावडला म्हणून ते परतही करावं लागत नाही.

एका माणसाशी मात्र तू खरोखर वाईट वागलीस. तुला ते माहीत आहे, म्हणून तर पत्रात तो भाग तू इतक्या घाईत लिहिला आहेस.

ती मुलगी एकटी उभी राहून बोलली. तिच्याकडे बोट दाखवणाऱ्यांत अशी एक होती जिच्या वहीत तेच लिहिलेलं होतं. मला वाटतं, तू तिच्यावर इतक्या जोरात गेलीस ते म्हणूनच. आपल्याच मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस फार जोरात बोलतो. हे तुझं समर्थन म्हणून सांगत नाही. तिला शोध आणि लिही. गटात नको, तिला एकटीला. ‘मी तुला जे बोलले ते चुकीचं होतं. तू म्हणालीस ते मलाही वाटत होतं आणि मला ते बोलायची हिंमत नव्हती. माफ कर.’ यापेक्षा जास्त लिहू नकोस. गटाने कसं भरीला पाडलं, तुझी झोप कशी झाली नव्हती, हे काही लिहू नकोस. उत्तर आलं नाही तर पुन्हा पुन्हा विचारू नकोस. उत्तर द्यायचं की नाही हे तिचं आहे.

गट वाईटच असतात असं मला म्हणायचं नाही. २०२० च्या जूनमध्ये बीटीएस या ग्रुपने वंशभेदाविरुद्धच्या चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी जवळपास एका दिवसात तेवढीच रक्कम आपापसांत जमवून दिली. ब्रिटनी स्पिअर्स या अमेरिकन गायिकेच्या आयुष्यावर कोर्टाने तेरा वर्षं दुसऱ्यांचा ताबा ठेवला होता. तो प्रश्न चाहत्यांनी लावून धरला, त्यांना लोक वेडे म्हणत होते, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ताबा संपला. एकमेकांना न भेटलेली माणसं एका गाण्याच्या ओढीने एकत्र येऊन एवढं करतात. तुझ्या गटातही अशी माणसं असतील. पण ‘आवडलं नाही’ एवढं म्हणणाऱ्या मुलीला जिथे जागा राहत नाही, तिथे तुझ्या वहीलाही जागा नाही. गट सोडायचा का, हे तू ठरव. एवढं बघ, की तिथे खरं बोलायला तुला किती वेळा श्वास रोखावा लागतो.

दादाकडे येते.

‘कारखान्यातली गाणी’ हे त्याने हिणवून म्हटलं असेल. पण कारखाना खरोखर होता! बेरी गॉर्डी नावाचा तरुण डेट्रॉइटमध्ये मोटारींच्या कारखान्यात काम करत होता. साध्या सांगाड्यातून टप्प्याटप्प्याने पुरी गाडी तयार होताना तो रोज बघत होता. १९५९ साली त्याने घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन गाण्यांची कंपनी काढली, तीच पुढे मोटाउन झाली. त्याने तीच पद्धत गाण्यांना लावली. गाणी लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे, आणि बाजारात जाण्याआधी प्रत्येक गाण्याची बैठकीत परीक्षा. त्या कारखान्यातून निघालेली गाणी साठ वर्षांनंतरही माणसं लग्नात नाचायला लावतात आणि एकटी असताना रडायला लावतात. तिथल्या जेम्स जेमर्सन या बासवादकाचं काम दादाला ऐकव. तो एकाच बोटाने वाजवायचा. असंख्य गाण्यांचा पाया त्याचा, पण वर्षानुवर्षं कव्हरवर त्याचं नावच नसे. १९७१ साली तिथलेच गायक मार्विन गे यांच्या अल्बमवर वादकांची नावं छापली गेली, तेव्हा कुठे लोकांना ते कळू लागलं.

म्हणून कारखाना आहे का, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. कारखान्यात कोण होतं आणि त्याने काय केलं, हा प्रश्न वहीत घेण्यासारखा आहे. नव्या अल्बमच्या श्रेयनामावलीत प्रत्येक गाण्यापुढे नावं असतात, गीतकार, संगीतकार, निर्माता. जुन्या अल्बमची नावं आणि नव्याची नावं शेजारी शेजारी लिही. मला शंका आहे की तुझ्या श्वासाचं उत्तर तिथे सापडेल. बहुतेक मधला एक माणूस बदलला असेल.

आणि ‘दहा वर्षांनी हसू येईल’ याबद्दल. १९७४ साली युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकलेल्या आबा या स्वीडिश पॉप ग्रुपला तेव्हाचे गंभीर समीक्षक अगदी हलकं समजत होते. २०१० साली त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर कलाकारांच्या मानाच्या यादीत, घेतलं. हसू कुणाला आलं? दुसरी गोष्ट अधिक कडवट आहे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून स्फोटाने उडवला, गंमत म्हणून, आणि हजारो लोक मैदानात घुसले. तिथे दाराशी काम करणारा पंधरा वर्षांचा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा होता. लोक फोडायला घेऊन आलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्या, पण कृष्णवर्णीय कलाकारांच्या कितीतरी तबकड्या त्याने पाहिल्या. तोच मुलगा पैसे साठवून सिंथेसायझर घेतो आणि १९८४ मध्ये डिस्कोतूनच निघालेल्या हाऊस या नाचाच्या संगीताच्या अगदी पहिल्या तबकड्यांपैकी एकीचा सहनिर्माता होतो. एखाद्या गाण्याला लोक हसतात तेव्हा ते गाण्यालाच हसतात की ते ऐकणाऱ्याला, हे विचारून बघायला हवं. सतरा वर्षांच्या मुलींना जे आवडतं त्याला हसणं लोकांना फार सोपं वाटतं.

दादा प्रेमापोटीच बोलला असेल. त्याच्याशी वाद घालू नकोस. त्याला जुनं गाणं ऐकव आणि फक्त म्हण, दुसऱ्या कडव्याच्या आधी काय ऐकू येतं ते सांग.

माझी एक गोष्ट सांगते, म्हणजे वहीबद्दलचं माझं म्हणणं कुठून येतं ते तुला कळेल. तुझ्या वयाची असताना मी रेडिओजवळ टेपरेकॉर्डर ठेवून तासन्‌तास बसायचे. आवडतं गाणं लागलं की दोन बटणं एकदम दाबायची. शेवटी निवेदकाचा आवाज यायचाच, अर्ध्या वाक्यावर मी बंद करायचे. परक्या भाषेतली गाणी कानाला येतील तशी देवनागरीत उतरवायचे. टेप मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची, एकेक ओळ दहा-दहा वेळा. अशा माझ्याही दोन वह्या होत्या. मग ज्यांचं मत मला फार मोलाचं वाटायचं अशा एका व्यक्तीने एकदा वही चाळली आणि म्हटलं, ‘यात डोकं कशाला घालतेस?’ मी कॅसेटी वाटून टाकल्या आणि वह्या रद्दीत दिल्या. आजही त्यातलं एखादं गाणं कुठे लागलं की शेवटी माझे कान निवेदकाच्या त्या अर्ध्या वाक्याची वाट बघतात. गाणी मला परत मिळाली, आता सगळीच मिळतात. सोळाव्या वर्षी मला त्यांत काय ऐकू येत होतं ते मात्र गेलं, कारण ते फक्त त्या वह्यांत होतं.

दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात दाट राहतात, असं स्मरणशक्तीचे अभ्यासक सांगतात, आणि त्या काळातलं संगीतही तसंच चिकटून राहतं. मेंदूत काय होतं तेही थोडंफार कळलं आहे. २०११ साली माँट्रियलच्या संशोधकांनी लोकांना त्यांची आवडती गाणी ऐकवून मेंदूची चित्रं घेतली. अंगावर काटा येतो त्या क्षणी आनंदाचं रसायन, डोपामिन, पाझरत होतंच. पण त्याच्या काही सेकंद आधीसुद्धा पाझरत होतं, मेंदूच्या वेगळ्या भागात, नुसत्या वाट बघण्याने. तुझा तो श्वास आठव. ‘दारात उभं राहून ठरवतंय’ असं तू लिहिलंस ना? तू त्या वाट बघण्याबद्दलच लिहीत होतीस.

तेव्हा वही भर. अकरा पानं फाडू नकोस, त्यांच्यावर आजची तारीख घाल आणि बाराव्या पानावर त्या तीन ऐकण्यांनंतर काय वाटलं ते लिही. ‘छान’, ‘जबरदस्त’, ‘बोअर’ हे शब्द महिनाभर वापरायचे नाहीत असं ठरवून बघ. त्यांच्याऐवजी कितव्या सेकंदाला काय झालं ते लिही. ग्रुपबद्दल कमी आणि गाण्याबद्दल जास्त. कुणाला दाखवावीशी वाटली तर दाखव, आणि पहिली कुणाला ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गट सोडून गेलेल्या त्या मुलीचं उत्तर आलं तर.

आणखी एक. दुसऱ्या पानाच्या समासात, पेन्सिलने, तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस: ‘नवा अल्बम, गाणं सहावं, अगदी शेवटी कुणीतरी हसतं?’ मी ते गाणं तीनदा ऐकलं. हसतं. संगीत थांबल्यावर, डाव्या कानात, जेमतेम अर्धा सेकंद. हसण्याच्या आधी एक श्वासही आहे. तो कापायचा राहिला की कुणी राहू दिला, ते ऐकून मला कळव.

— ताई